आरशांच्या गल्लीतली प्रार्थना

ताई दुभाषी. नात्याने माझी कुणी नाही, चर्चमध्ये सगळेच तिला ताई म्हणतात. परदेशातून मिशनचे पाहुणे आले की चर्च बोलायला तिला बोलावतं आणि गाडी चालवायला मला. देवाशी माझा संबंध करकचून ब्रेक दाबण्यापुरता, पण वीस वर्षं मी ताईबरोबर त्याच्याही दिमतीला आहे.

पाहुणे आठ दिवस शहर पायी फिरतात, मी गाडी नाक्यावर लावून मागोमाग. दुकानादुकानाशी थांबून एकच विचारतात, "तुमच्यासाठी देवाकडे काय मागू?" दुकानदार सांगतो, ताई ते त्यांच्या भाषेत सांगते. मग पाहुणे डोळे मिटून प्रार्थना करतात आणि ती वाक्यावाक्याने दुकानदाराच्या कानी घालते. पाहुण्याच्या खांद्यामागे अर्धं पाऊल, नजर खाली. स्वतःचा शब्द घालायचा नाही, दुसऱ्याचा गाळायचा नाही. कुणी मुलीचं लग्न मागतो, कुणी धड गुडघे. एकाने तर सासूबाईंना त्यांच्या गावी परत जायची बुद्धी होऊ दे म्हणून मागितलं. ताईने ढिम्म चेहऱ्याने तेही पोहोचवलं.

फक्त आरशांच्या गल्लीत ती कुणाला नेत नसे. "तिथे खोदकाम चालू आहे," म्हणायची. वीस वर्षं खोदकाम! तिथे तिच्या सख्ख्या भावाचं दुकान होतं. ती बाप्तिस्मा घेऊन आली त्या दिवशी त्याने दार लावून घेतलं. तीही काही कमी नव्हती, पुन्हा म्हणून वाजवलं नाही. एकदा मी टायर बदलत असताना तिने हे सांगितलं आणि वर "कुणाला बोललास तर बघ" असा दम दिला. मला तिचा रागच यायचा. जगभरच्या अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलतं करणारी बाई, आणि घरच्या माणसापाशी हिची दातखीळ बसते!

यंदा पहिल्याच सकाळी धुकं पडलं होतं. पाहुण्यांच्या देशात तेव्हा रात्र, त्यामुळे बिचारे झोपेतच चालत होते. त्यांच्या म्होरक्या आजीबाई त्याच तंद्रीत वळल्या. ताई "खोदकाम" म्हणेपर्यंत आम्ही गल्लीत. दोन्ही बाजूंना भिंतीला टेकवलेले आरसे, आणि त्या आरशांतही धुकं. आम्ही दहा माणसं शंभर झालो आणि आवाज न करता एकमेकांतून चालू लागलो. रस्ता कुठला आणि काच कुठली, काही कळेना. मी तर एका माणसाला "जरा सरका" म्हणालो, तो मीच निघालो.

भाऊ हिरकणीने काच कापत बसला होता. समोरच्या आरशात त्याला ताई दिसली आणि त्याचा हात थांबला. आजीबाईंनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. ताईने तो भावाला सांगितला, खाली बघतच.

भाऊ आजीबाईंकडेच बघत म्हणाला, "यांना सांगा, मला एक बहीण आहे. रागाच्या भरात मी तिला घालवून दिली. मग रोज वाटायचं, येईल, निदान भांडायला तरी येईल. तुमच्या देवाला विचारा, तिने मला कायमचं टाकलं का?"

ताईने सांगितलं. मला ती भाषा येत नाही, पण तो जेवढा वेळ बोलला तेवढाच वेळ ती बोलली.

आजीबाईंना बापड्यांना काय ठाऊक! त्यांनी डोळे मिटले, सगळ्यांनी मिटले. त्या एकेक वाक्य बोलत गेल्या, आणि ताई मागोमाग सांगत गेली. "देवा, याची बहीण जिथे असेल तिथे तिला सुखात ठेव. तिच्या मनातला राग काढून टाक. तिला..." पुढे तिला बोलवेना.

मी चारचौघांत डोळे मिटत नाही, ड्रायव्हरची सवय. भावालाही ही रीत माहीत नव्हती. तो उठला, हात झटकले आणि तिच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. तिने मान वर केली.

"केस पिकले गं तुझे," तो म्हणाला.

"तुझे तर गेलेच."

आजीबाई आणि बाकीचे पाहुणे डोळे मिटून तसेच उभे होते, ताईचं सांगून व्हायची वाट बघत.