चौथ्या नाचाची पानं

नव्वदच्या दशकात आम्ही शारजात, अल नहदाला राहायचो. शेजारच्या टॉवरमधल्या एक बाई माझ्या दहा वर्षांच्या मुलीला पियानो शिकवायच्या. मूळच्या बैरुतच्या, साठीच्या, एकट्या. कायमचं परत निघालेल्या एका फ्रेंच कुटुंबानं त्यांना जुन्या पुस्तकांचं खोकं दिलं होतं. त्यात एक तपकिरी पडलेलं पुस्तक निघालं. एकोणिसाव्या शतकातल्या कुणा फ्रेंच बाईनं आपल्या डोंगरी मुलखातले सहा नाच पियानोसाठी लिहून काढले होते. लाकडी बूट घालून शेतकरी नाचायचे तसले.

"चाळीस वर्षं शिकवतेय, पण हिचं नाव कधी ऐकलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

पानं हात लावताच तुटायची. ऑफिसात झेरॉक्स काढून द्याल का, एकेक पान काचेवर ठेवून, असं त्यांनी विचारलं.

"इन्शाल्ला, शनिवारी," मी म्हटलं.

शनिवारी मीटिंग होती. तीन नाच नीट काढले, मग घाईनं सुटी पानं एकगठ्ठा मशीनच्या फीडरमध्ये घातली. चौथ्या नाचाची दोन पानं आत अडकली आणि फाटून बाहेर आली. तुकडे पाकिटात भरून ड्रॉवरमध्ये टाकले, उरलेलं काचेवर काढलं.

संध्याकाळी बाईंनी पुस्तक उघडलं. "चौथा कुठाय?"

"मला दिलंत तेव्हाच नव्हता."

खरं सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. "मग मी वाजवला तो कुठला?" असं स्वतःशीच म्हणाल्या, आणि हसल्या. "वय झालं, हबीबी."

लिफ्टमध्ये मुलगी म्हणाली, "बट बाबा, शी प्लेड इट. आय हर्ड इट."

"दुसरं काहीतरी असेल," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात बाईंनी पाच नाच वाजवले. आधी म्हणाल्या, "आणखी एक होता असं मला वाटतं, पण माझं फार मनावर घेऊ नका." लोक हसले. मीही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्या क्लासच्या वेळासुद्धा दोन-दोनदा विचारून लिहून घ्यायच्या.

आठ वर्षांनी नोकरी बदलताना ड्रॉवर रिकामा केला, तेव्हा पाकीट हाती आलं. मुलगी कॉलेजच्या सुट्टीत घरी होती. तिला सगळं सांगितलं.

"आय वॉज टेन, बाबा. आय थॉट आय मेड इट अप."

तुकडे तिनंच जुळवले, चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, "तुम्ही पण चला."

बाई थकल्या होत्या, पण पियानो तसाच होता. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग ती पानं समोर ठेवून अडखळत वाजवली. दुसऱ्या ओळीपासून बोटांना आपोआप आठवत गेलं.

"आठ वर्षं," त्या थांबून म्हणाल्या. "मी डॉक्टरला सांगितलं होतं, की मला नसलेल्या गोष्टी आठवतात."

मी माफी मागितली. त्यांनी सरकून मुलीला शेजारी जागा करून दिली.

"डावा हात तू घे."

मला कुणी बसा म्हटलं नाही. मी दाराशी उभा राहून ऐकत राहिलो.