पर्थचा डोंगर आणि केरूचं गाऱ्हाणं

केरू मेस्त्री आता गाऱ्हाणं घालत नाही. पूर्वी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या खोल्यांवर कुणाचं नवं काम निघालं, कुणी सुट्टीवर गावी चालला, की कोकणातली मंडळी नारळ घेऊन त्याच्याच दारात यायची. आवाज काय होता म्हणून सांगू! गावात गाऱ्हाण्याचा मान त्याच्या घराण्याकडे, म्हणून इथे परमुलखातही तो त्याच्याकडेच आला. केरू हात जोडून मागणं मागणार आणि दर वाक्यामागे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देणार. एकच नियम होता. गाऱ्हाणं झालं, की त्या कामाविषयी वाईट शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही.

केरू सुतार होता. मॉलमधले देखावे बनवणाऱ्या कारखान्यात त्याची उमर गेली. कधी बर्फाचा किल्ला, कधी जंगल. त्याची धाकटी बहीण संजना हिचा नवरा नागेश तिथेच वेल्डर. त्याला दुबईत आणलं ते केरूनंच. "दादा, तेंका सांबाळ हां," एवढंच बहीण विमानतळावर म्हणाली होती, आणि केरूनं मोठ्या तोऱ्यात मान हलवली होती.

त्या उन्हाळ्यात एका ट्रॅव्हल कंपनीचं काम आलं. मॉलमध्ये स्कॉटलंडमधलं पर्थ उभं करायचं होतं. टे नावाच्या नदीकाठचं जुनं शहर. सुपरवायझर उपेंद्र लॅपटॉपवर फोटो दाखवत होता. "केरूकाका, हा स्कूनचा राजवाडा. बागेत मोर फिरतात बघा."

"मोर थंयसर?" केरू हरखला. "आमच्या परसातले गेले की काय तिकडे!"

"आणि ही किन्नूल हिल. कड्यावर बुरूज आहे ना, तो एका उमरावानं हौसेखातर बांधला. मुद्दाम पडका दिसेल असा."

"मुद्दाम पडको? ह्येका पैसे मोजले?" केरू हसला, पण त्याला ते रुचलं नाही. पडकी वास्तू मुद्दाम बांधू नये, असं त्याला आतून वाटलं. वाटलं तसं गिळलं.

राजवाड्यासमोर एक टेकाड आहे. तिथे पूर्वी राजांना गादीवर बसवायचे. उपेंद्र म्हणाला, अशी दंतकथा सांगतात, की दूरदूरचे सरदार आपापल्या जमिनीची माती बुटांत भरून तिथे आणायचे आणि आपल्याच मातीवर उभं राहून राजाला वचन द्यायचे. हे ऐकताना केरूला आपली पेटी आठवली. तिच्यात ग्रामदेवतेच्या देवळासमोरची मूठभर माती होती, रुमालात बांधलेली. त्यांचा नि आपला रिवाज एकच की, असं त्याला वाटलं.

देखाव्यातला डोंगर मोठा होता, दोन माणसांइतका उंच. आत लोखंडी सांगाडा, वर प्लाय आणि त्यावर रंगवलेला खडक. लोकांनी पायऱ्या चढून बुरुजापाशी जायचं, फोटो काढायचा आणि खालची फायबरची नदी बघायची. उपेंद्रची घाई सुरू झाली. "यल्ला, यल्ला, क्लायंट उद्या येतोय!" नागेशची जोडणी चालू असतानाच केरूनं मागून प्लाय ठोकत आणला.

"झाकू काय रे?" त्यानं विचारलं. नागेश जरा घुटमळला आणि मग मान हलवली.

डोंगर मॉलमध्ये उभा राहिला तेव्हा केरूनं ती माती त्याच्या पायथ्याशी घातली. सगळे भोवती जमले. केरूनं हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या परमुलखात तुझ्या लेकरांनी हो डोंगर उभो केलो हा. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण ह्येच्यार चढात, तेका सुखरूप खाली हाड, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत जोरात नागेशचा आवाज होता.

नंतर केरू झाडू मारायला वर चढला आणि बुरुजापाशी पायाखाली काहीतरी कुरकुरलं. एकदाच, दाताखाली खडा यावा तसं. तो थबकला. पाय पुन्हा ठेवला तर काही नाही. एसीत प्लाय सुकतो, आवाज करायचाच, असं त्यानं मनाला बजावलं. पण मन काही ऐकेना. उपेंद्रला सांगावं, तर आत्ताच गाऱ्हाणं घातलंय, आणि घातलंय ते कुणी? आपण. मग आपल्याच तोंडानं अभद्र कसं बोलायचं? आणि खरं सांगायचं तर नाकही आडवं आलं. केरूचं गाऱ्हाणं फुकट गेलं, असं लोक म्हणतील ना!

संध्याकाळी उपेंद्र त्याच्या लेकीला, शर्वाणीला, घेऊन आला. डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत राहणारी शाळकरी पोर. डोंगर बघून ती नाचायलाच लागली. "बाबा, कॅन आय गो अप फर्स्ट?"

"उद्या बेटा. उद्घाटनाला तुझा सगळा वर्ग येतोय, तूच पहिली चढ."

रात्री केरूनं न जेवताच ताट बाजूला सारलं. समोर नागेशचंही ताट तसंच होतं. "काय रे, जेवत नाय?" तर म्हणे डोकं दुखतंय. घरी फोनवर वाजलं असेल, असं केरूला वाटलं. दोघं एका खोलीत पाठीला पाठ लावून पडले.

सकाळी मॉल उघडायच्या आधी रंगाची डागडुजी करायला दोघांनाच पाठवलं होतं. "माझा डोका उठला हा. गाडीत पडतंय जरा," म्हणून नागेश पार्किंगमध्येच राहिला. केरूला तेच हवं होतं. आपण काय करणार आहोत ते कुणी बघायला नको होतं.

मॉल रिकामा होता. लांब कुठेतरी फरशी पुसायचं मशीन घोंघावत होतं. केरू पायऱ्या चढला. त्याचा हिशेब साधा होता. आपण त्या पोरींहून दुप्पट जड. डोंगरानं आपल्याला पेललं, तर त्यांनाही पेलेल. कोसळायचाच असेल, तर त्या यायच्या आत आपल्या एकट्याखाली कोसळू दे. भीती वाटत होती, पण कालपासून पहिल्यांदाच त्याला मोकळं वाटलं.

बुरुजापाशी उभं राहून त्यानं डोळे मिटले, हात जोडले आणि सवयीनं आवाज चढवला. "बा देवा म्हाराजा! चुकी माझी, भार माझो. काय व्हवचा आसात ता माझ्या पायाखाली होऊंदे, दुसऱ्या कोणाक इजा नको, रे म्हाराजा!"

आणि त्यानं अंगातला सगळा जोर काढून उडी मारली.

पाय टेकायच्या आत खालून, डोंगराच्या पोटातून, आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

जन्मभराची सवय ती. गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंडातून होकार जायचाच. आवाज नागेशचा होता, हे केरूला हवेतच कळलं.

पुढचं काय सांगायचं? बुरूज आडवा झाला, कडा आत दबला. केरूचा हात मोडला, एवढंच. नागेशला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता; मुठीत पाना होता आणि शेजारी नवे बोल्ट. मागच्या खांबाचा एक जोड त्यानं नुसते वेल्डिंगचे दोन कच्चे टाके मारून ठेवला होता. पुरतं वेल्डिंग करायच्या आत प्लाय ठोकला गेला होता. 'झाकू काय' विचारल्यावर घाईत मान हलवली, आणि गाऱ्हाणं झाल्यावर त्यानंही तोंड उघडलं नाही. मेव्हण्याच्या गाऱ्हाण्याला बोल लागू नये, म्हणून मागचा प्लाय उचकटून गुपचूप आत शिरला होता बिचारा. गाडीत पडलाच नव्हता.

शर्वाणीच्या वर्गाची बस दारातूनच परत गेली. पोरी रुसल्या म्हणे.

गावी फोन केरूनंच केला. संजना आधी रडली नाही.

"दादा," तिनं विचारलं, "तेवा तू खंय होतंस?"

"वर," केरू म्हणाला. "तेच्या वर."