आत्याची काळी ढाल

माझी आत्या आधी बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढायची. हात इतका स्थिर, की पहिलं फूल कुठलं आणि शंभरावं कुठलं हे सांगता येऊ नये. तो हात पाहूनच अवकाशयानं बनवणाऱ्या कारखान्यानं तिला बोलावलं, आणि तिनं चांगल्या नोकरीवर लाथ मारली. बाबांचा पारा चढला. धाकट्या बहिणीच्या नव्या कामाला ते कायम 'भोकं बुजवणं' म्हणत आले.

तसं ते खोटं नव्हतं. यानाच्या तळाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिचं एकेक घर आत्या पिचकारीनं लुकण, म्हणजे एक घट्ट लगदा, दाबून भरायची. हीच यानाची ढाल. अवकाशातून खडा येवो, मोडक्या उपग्रहाचा तुकडा येवो की माणसं बसलेलं यान येवो, वेग इतका अफाट की समोरची हवा दाबली जाऊन भट्टीसारखी तापते. खडा त्यात जळून जातो, आपण त्याला तुटता तारा म्हणतो. आत्याचं लुकण मात्र थराथरानं जळतं आणि धग बरोबर घेऊन जातं. एका घरात हवेचा बुडबुडा राहिला, तर आग तिथून आत शिरणार. घरी दूध हमखास उतू घालवणारी ही बाई तिथे एक बुडबुडा राहू द्यायची नाही, याचा मला भारी अभिमान.

तिनं भरलेली पहिली ढाल तीन माणसांना घेऊन परतत होती, त्या दुपारी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. तापलेल्या हवेमुळे यानाशी संपर्क तुटला. आत्या बाबांच्या शर्टाला बटण लावत होती. तिची सुई थांबली.

"नीट भरलीस ना गं सगळी?" बाबांनी हळूच विचारलं.

"भरली, दादा."

मग पडद्यावर पॅराशूट उघडलं आणि बाबा ढसाढसा रडले. आम्ही बघितलंच नाही असं दाखवलं.

पुढे कामगारांच्या घरच्यांना यान बघायला बोलावलं. तळ कढईच्या बुडासारखा काळाठिक्कर. पण ढालीचा एक तुकडा काढून ठेवला होता, तिथे मागच्या पत्र्यावर तपासनिसानं उड्डाणाआधी पेन्सिलीनं केलेली खूण जशीच्या तशी होती. हात लावू नये, अशी पाटी होती. बाबांनी लावला. रखवालदार धावत आला, तर त्याला म्हणाले, "माझ्या बहिणीनं भरलंय हे."

घरी आल्यावर आई म्हणाली, हात धुवा, ताटं वाढलीत. बाबांनी आपली काळी बोटं एकदा पाहिली आणि चमचा मागितला.