नऊ जण आणि एक चांदणी

माझा नवरा एका मंगळवारी सकाळी नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट या गावच्या स्टेशनच्या फलाटावर कोसळला आणि तिथेच वारला. मी आधीच्या गाडीने टिलबर्गला कामावर पोचले होते. फोन आला तेव्हा मी फॉर्म भरत होते.

आम्ही दोघं विद्यापीठात एकाच विभागात होतो. तो संख्याशास्त्रज्ञ. मी मराठीत एम.ए. करून त्याच्या व्हिसावर इथे आलेली, पुढे त्याच्याकडूनच शिकून कागदी फॉर्मवरची उत्तरं सॉफ्टवेअरमध्ये भरणारी. विभागातून कार्ड आलं. त्यावर एका पायावर उभा बगळा, आत सोळा सह्या आणि ‘हवा तेवढा वेळ घे’ असा मजकूर. हवा तेवढा वेळ म्हणजे अठरा दिवस, हे मला एकोणिसाव्या दिवसाच्या मीटिंगचं निमंत्रण आल्यावर कळलं.

अभ्यास एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा होता. निम्म्यांकडे दर आठवड्याला एक स्वयंसेवक जाऊन कॉफी पिणार, निम्म्यांकडे कोणी जाणार नाही. वर्षात तीनदा फॉर्म भरून घ्यायचा आणि एकटेपणा कमी झाला का ते बघायचं. आमच्या प्राध्यापकांनी उत्तर पहिला फॉर्म छापण्याआधीच ठरवून ठेवलं होतं. खेमेंतेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, ते कळवूनही झालं होतं. उरलं होतं ते फक्त आकड्यांनी हो म्हणणं.

सॉफ्टवेअरला द्यायच्या सूचना एका फाईलमध्ये ओळीने लिहितात. ओळीच्या सुरुवातीला चांदणी (*) टाकली की यंत्र ती ओळ सोडून देतं, म्हणून लोक तिथे आपल्यासाठी टिपणं लिहितात. माझा नवरा ती मराठीत लिहायचा, माझ्यासाठी. ‘अगं बाई, ९९ म्हणजे उत्तर दिलेलं नाही. काल तू एका आजोबांना नव्याण्णव मुलं दिलीस. आजोबांना तरी विचारायचंस.’ प्राध्यापक त्याला ‘तुमची गुप्त लिपी’ म्हणायचे आणि दर वेळी नव्याने हसायचे. त्यात काय लिहिलंय, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

एकोणिसाव्या दिवसाच्या मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं. “त्याच्या फाईलमधून निकाल येत नाहीये. जरा बघतेस?”

मी फाईल चालवली. “येतोय की. दोन्ही गटांत फरक नाही, असा येतोय.”

“तेच म्हणतोय मी,” ते म्हणाले.

फाईलच्या मध्यावर एक सूचना होती: तिन्ही फॉर्म भरलेलेच लोक घ्या, बाकीचे वगळा. तिच्यापुढे चांदणी होती, म्हणजे ती बंद केलेली होती. वर त्याचं टिपण होतं. ‘हे नऊ जण भेटी चालू असताना वारले. मेले म्हणून त्यांना काढायचं नाही. मरण्याआधी भरलेल्या शेवटच्या फॉर्मवर नऊही जणांनी एकटेपणा आधीपेक्षा जास्त सांगितलाय. आपल्या भेटींचा उपयोग झाला नाही, हे तेच सांगतायत. ही चांदणी काढू नकोस.’

“काय म्हणतोय?”

“वारलेल्या नऊ जणांबद्दल आहे.”

“हां, अपुरे फॉर्म. डेटा स्वच्छ करावाच लागतो. काढ ती चांदणी.”

मी काढली. एकच कळ दाबावी लागते. साधा कागद छापायचा तरी ‘खात्री आहे ना’ म्हणून विचारणारं ते यंत्र नऊ माणसं बाहेर टाकताना काही विचारत नाही. पुढच्या क्षणी तक्ता आला आणि त्यात भेटींनी एकटेपणा कमी झालेला होता. प्राध्यापकांनी स्वतः जाऊन जर्दाळूचा फ्लाय आणला. त्या गोल गोड पदार्थाचे त्यांनी अगदी समान तुकडे केले. सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला, बशी धुऊन ठेवली आणि पाच बाराची गाडी पकडली. त्या खोलीतल्या कोणाचाही मला त्या दिवशी वाटला नाही इतका तिरस्कार मला त्या बशीचा वाटतो.

महिन्याभराने लेखाचा मसुदा घरी आला. लेखकांत माझ्या नवऱ्याचं नाव दुसरं होतं आणि त्याला एक छोटा क्रूस जोडलेला होता. वारलेल्या लेखकाला तशी खूण करतात, असा छपाईचा रिवाज. आम्ही बौद्ध. त्याला निरोप देताना आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटलं होतं आणि प्राध्यापक तिथे पहिल्या रांगेत उभे होते. पण क्रुसाचं एवढं काही नाही. त्याखाली लिहिलं होतं की भेटींनी एकटेपणा कमी होतो. सोबत एक संमतीपत्र होतं, त्याची वारस म्हणून मी सही करायची.

मी त्याची फाईल उघडून बसले होते. बारा वर्षांची मुलगी मागे येऊन उभी राहिली. तिला मराठी कळतं, वाचता येत नाही.

“बाबाने काय लिहिलंय?” तिने डचमध्ये विचारलं.

मी वाचून दाखवलं. ती चांदणी मी काढली, हेही सांगितलं.

“मग तू काढलीस कशाला?”



दुसऱ्या दिवशी मी चांदणी परत टाकली, टिपणाचं भाषांतर केलं आणि फाईल व भाषांतर प्राध्यापकांपुढे ठेवलं. “हे लेखात छापा. नाहीतर त्याचं नाव काढा.”

“परिशिष्टात एक ओळ घालता येईल.”

“ओळ नको. नाव काढा.”

“अगं, पण हा त्याचा मान आहे.”

“एका मेलेल्याला मान द्यायचा आणि नऊ मेलेल्यांना बाहेर काढायचं. कोणाला कुठे बसवायचं, हे तुमचं यंत्र ठरवतं की तुम्ही?”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांची पुढची मीटिंग होती. मी सही न करता कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

उन्हाळ्यात माझं कंत्राट संपलं आणि पुढे वाढलं नाही. निरोपाचं कार्ड आलं. तोच बगळा. गठ्ठ्याने विकत घेतले असावेत.

लेख छापून आला आहे. त्यात ते नऊ जण नाहीत आणि माझ्या नवऱ्याचं नावही नाही. त्याची फाईल माझ्याकडे आहे. तिच्यात कोणाचे आकडे नाहीत, फक्त सूचना आणि मला लिहिलेली टिपणं आहेत. चांदणी जागेवर आहे.