हिरादादांनी कबूल केलेला लाइट

हिरादादा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायांकडे. स्टुडिओत नवा माणूस आला की त्याचं नाव काय, गाव कुठलं, कुणाच्या ओळखीने आला, हे बाकीच्यांनी विचारत बसावं. हिरादादांची नजर सरळ खाली जायची. अनवाणी माणसाची दिव्यांच्या आसपास फिरकायची बिशाद नव्हती. कॅमेऱ्याकडे असिस्टंट म्हणून लागलो त्या दिवशी मी ऐटीत नवी कोरी कोल्हापुरी घालून गेलो होतो. त्यांनी आधी माझे पाय पाहिले, मग तोंड पाहिलं आणि म्हणाले, "वहाण करकरतेय. साउंडवाला हाकलंल तुमाला." मी मॅट्रिक पास, आणि हा लाइटवाला मला वहाणांवरून बोलतो म्हणजे काय! पण पहिल्याच शॉटला साउंडवाल्याने मला खरोखरच बाहेर उभं केलं.

पुढे कळलं की ते पनवेलजवळच्या कामोठ्याचे. मी पनवेल गावातला. गाववाला निघाला म्हणून जरा सांभाळून घेतील असं मला वाटलं होतं, तर उलटंच झालं. दुसऱ्यांना एकदा ओरडायचे, मला दोनदा. "आपल्याकडचा मानूस चुकला तर नाव कुनाचं जातं?" हे वर. महिनाअखेरीला आम्ही दोघं एकाच एस.टी.ने घरी जायचो. गाडीत बसण्याआधी ते बाकाचा पाय बुटाने ठोकून बघायचे. कंडक्टर हसायचा. हॉटेलात चहा यायच्या आधी टेबल हलवून बघणं हेही ठरलेलं, आणि टेबल डुगडुगलं तर कागदाची घडी करून पायाखाली सारल्याशिवाय चहाला हात लागायचा नाही. तोवर माझा चहा थंड.

स्टँड म्हणजे दिवा उभा करायची लोखंडी तिकाटणी. दिसायला साधी गोष्ट. तीन पाय पसरले, दांडा वर ओढला, स्क्रू पिळला, झालं. माझीही तीच समजूत होती. हिरादादांचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी पाय, मंग मान." पाय पुरते पसरल्याशिवाय दांडा इंचभरही वर जायचा नाही. दिव्याचं तोंड ज्या बाजूला, त्या बाजूला एक पाय आलाच पाहिजे, कारण वजन तिकडे झुकतं. मग त्या पायावर वाळूची पिशवी. वायर वरून सरळ खाली आणून पायाला एक वेढा द्यायचा आणि जमिनीवर थोडी सैल सोडायची. कुणी अडखळलाच तर वायर ओढली जाईल, दिवा अंगावर येणार नाही. स्क्रू सैल करताना एक हात दांड्यावर हवाच. दिवा विझवला तरी गार होईस्तोवर त्याला हलवायचं नाही. आणि वारा असला तर मान खाली. हे सगळं ते नव्या पोरांना शिकवायचे ते मऊपणाने मुळीच नाही. पाठीत धपाटा घालून शिकवायचे.

एवढी कडक शिस्त का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, एस.टी.त. त्यांच्याबरोबर मोरा बंदरातला एक कोळी मित्र लाइटवर होता. घाईघाईत कुणीतरी पिशवी न ठेवता दिवा वर चढवला आणि तो तापलेला दिवा त्याच्या हातावर आला. तो परत होडीवर गेला, पण बोटं मिटेनात. जाळं ओढायलाही तो हात नीट कामाचा राहिला नाही. एवढं सांगून हिरादादांनी बाकाचा पाय पुन्हा एकदा बुटाने ठोकून बघितला.

पण म्हणून ते कुणी गरीब बिचारे, खाली मान घालून काम करणारे होते असं समजू नका. भलतेच मिजासखोर! डोक्याला वासाचं तेल, बोटात चांदीची अंगठी, शर्टाची कॉलर कडक. पडद्यावर नायिका आली की थिएटरात शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून सांगायचे, "हिचं नाक वाकडं हाय. मी सरळ केलंय." एकदा तर त्या शेजाऱ्याने वैतागून जागा बदलली. आणि चुका? त्या करायचे तेव्हा तब्येतीत करायचे.

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या युनिटचं पनवेलच्या खाडीवर शूटिंग होतं आणि वाळूच्या पिशव्या मुंबईलाच राहिल्या. मॅनेजर वाळू आणायला माणूस धाडत होता, तर हिरादादांच्या अंगात गाव संचारलं. वाळू कशाला, म्हणाले, आमच्या भावकीचं मिठागर समोर आहे, मीठ भरा, वाळूपेक्षा देखणं दिसेल. पोत्यांत मीठ भरून त्यांनी ते झोकात स्टँडच्या पायांवर मांडलं. रात्रभर दंव पडलं. सकाळी बघतो तर पोती पाझरताहेत, खारं पाणी वायरींवर ठिबकतंय आणि स्टँडला हात लावला की झिणझिण्या. स्क्रू असे जाम झाले की सगळं युनिट दिवसभर हातावर हात ठेवून बसलं. मिठागरात वाढलेल्या माणसाला मीठ पाणी ओढतं हे ठाऊक नव्हतं थोडंच? चांगलं ठाऊक होतं. पण गावच्या मिठाचा तोरा मिरवायच्या नादात डोक्यातून गेलं. संध्याकाळपर्यंत ते विहिरीच्या गोड्या पाण्याने एकेक पाय धूत बसले होते आणि कुणी जवळ गेलं की खेकसत होते. पोरांनी त्यांचं नाव मिठादादा ठेवलं. मीही ठेवलं.

त्यांची बायको ताराबाई आणि एकच मुलगी यमुना, दोघी कामोठ्याला असायच्या. गावात तेव्हा वीज आली नव्हती. हिरादादा मुंबईत नेमकं काय करतात ते गावाला नीटसं कळत नसे. सिनेमात दिवे पुसतो, अशी साधारण समजूत. यमुना लहान असताना तिने बापाला विचारलं होतं, माझ्यावर कधी लाइट मारशील? ते म्हणाले, तुझ्या लग्नात. तिच्यापेक्षा हे त्यांनीच मनाला लावून घेतलं. सेटवर लग्नाचा सीन असला की नवरीवर लाइट लावता लावता मला म्हणायचे, "रामभाऊ, दुनियेच्या पोरींची लग्नं लावली मी. आता माझ्या बायचं." बाय म्हणजे त्यांच्याकडे लाडकी मुलगी. मग गावातही सांगत सुटले. यमुनेचं लग्न शेजारच्या रोडपालीला ठरलं तोवर लाइटची बातमी तिच्याआधी सासरी पोचली होती.

वैशाखात त्याच चित्रपटाचं उरलेलं काम पुन्हा खाडीवर निघालं आणि नायिकेच्या तब्येतीमुळे एक दिवस सुट्टी मिळाली. हिरादादांनी लग्नाची तारीखच जणू तिच्या तब्येतीला विचारून धरली होती, इतकं सगळं जुळून आलं! त्यांनी मॅनेजरकडे इतक्या वर्षांत काही मागितलं नव्हतं. एक मोठा दिवा, एक स्टँड आणि जनरेटरचा ट्रक, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत, या बोलीवर मॅनेजर कबूल झाला. सुकलेल्या शेतांतून ट्रक हेलकावे खात कामोठ्याला गेला तेव्हा मागे पोरांची ही फौज. हिरादादा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, नवरदेवापेक्षा ताठ. मीही होतो, लग्नाचे फोटो काढायला म्हणून.

मांडव झावळ्यांचा, बुटका. दिवा आत मावेना, म्हणून त्यांनी मांडवाची पुढची बाजू उघडी ठेवायला लावली आणि समोरच्या खळ्यावर स्टँड उभा केला. जमीन ठोकून पाहिली, पायांखाली फळ्या घातल्या, वाळूच्या पिशव्या ठेवल्या. वाळूच्याच! सांजवेळी, गोरज मुहूर्तावर, यमुना पाटावर बसली आणि त्यांनी दिवा लावला. सगळं गाव एकदम आ करून राहिलं. धवळे गाऊन लग्न लावणारी धवलारीण म्हातारी ओळीच्या मध्येच थांबली आणि डोळ्यांवर हात धरून कोण मेला तिकडे म्हणून विचारू लागली. यमुनेच्या मुंडावळ्यांचा एकेक मोती वेगळा दिसत होता. मी इतक्या नट्या पाहिल्या, पण खोटं सांगत नाही, इतकी सुंदर नवरी मी कॅमेऱ्यातून पाहिली नव्हती. हिरादादा गर्दीकडे बघत नव्हते. यमुनेकडेच बघत होते.

आणि खाडीवरून वारा सुटला. उन्हाळ्यात संध्याकाळी तो सुटतोच, कामोठ्याच्या माणसाला हे सांगायला नको. झावळ्या सळसळायला लागल्या, दांडा हलायला लागला. दिव्याच्या खालीच पोरं मांडी घालून बसली होती आणि उठता उठत नव्हती. हिरादादांनी स्टँडच्या पायावर पाय रोवला, दोन्ही हातांनी दांडा धरला. तेवढ्यात आतून बोलावणं आलं: मुलीच्या बापाने पाटावर यावं. मी म्हटलं, द्या मी धरतो, तुम्ही जा. तर मला म्हणतात, "तुमी कॅमेऱ्याची मानसं. तुमचं लक्ष वर." त्यांच्या हाताखालचा पोऱ्या जनरेटरवर होता. दुसऱ्या कुणाच्या हाती ते देणार नव्हते. पुन्हा बोलावणं आलं. त्यांनी निरोप दिला की धाकट्या भावाला बसवा, कन्यादान तो करेल. ताराबाई बाहेर येऊन त्यांना काय काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. ते जागचे हलले नाहीत. एवढी वर्षं ज्याने दुसऱ्यांना वाऱ्यात दिवा खाली घ्यायला लावला, तो हट्टाला पेटला होता, आणि तो हट्ट मला समजतही होता.

मग यमुना उठली. मुंडावळ्यांसकट पाटावरून उठून नवरी खळ्यावर आली. बायका हां हां म्हणेपर्यंत ती बापासमोर उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "बाबा, खाली पोरं बसलीत. उतरव."

"तुना लाइट कबूल केलाय मी," ते म्हणाले.

"दिसला मना. पोटभर दिसला. आता मना तू पायजेस."

त्यांनी जनरेटरवरच्या पोऱ्याला हात केला. दिवा विझला आणि एवढा अंधार झाला की आपलाच हात दिसेना. गावाने मोठ्याने हळहळ केली. वऱ्हाडातला कुणीतरी म्हणाला, एवढाच का लाइट? हिरादादा दांडा धरून तसेच थांबले. दिवा निवला, तेव्हा हळूहळू मान खाली घेतली, स्टँड आडवा केला, हात धुतले आणि मग आत गेले. कन्यादान गॅसबत्तीच्या उजेडात झालं. त्याचे मी काढलेले फोटो सगळे काळे आले.

जेवणावळीत पोरांनी आणि थोरांनीही त्यांची यथेच्छ चेष्टा केली. मुंबईचा लाइट फुंकरीने विझतो, वगैरे. एरवी ते एकेकाला पुरून उरले असते. त्या दिवशी पान अर्धं टाकून उठले आणि खळ्यावर जाऊन दिव्याची काच पुसत बसले. मीही शेजारी जाऊन बसलो.

सकाळी वारा साफ पडला होता. पान हलत नव्हतं. पाठवणीची गाडी जुंपली होती, ऊन खळ्यावर आलं होतं, यमुना मांडवाच्या सावलीत बायकांच्या गळ्यात पडून रडत होती. हिरादादा माझ्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला कामातलं काही विचारलं. "रामभाऊ, सावलीत हाय ती. डोक्यावर पदर हाय. लाइट लागंल ना चेहऱ्याला?" मी म्हटलं, लागेल, जवळ घेतला तर लागेल. तेव्हा त्यांनी पुन्हा स्टँड उभा केला. पाय पसरले, पिशव्या ठेवल्या, दांडा यमुनेच्या उंचीइतकाच वर घेतला. दिवा लागला तशा बायका रडता रडता हसायला लागल्या. उन्हातान्हाचा दिवा लावतोय म्हणून म्हाताऱ्यांनी कपाळावर हात मारला. यमुनेने मान वर केली. पदराखालची सावली गेली आणि तिचे रडून सुजलेले डोळे, नाकातली नथ, ओठ, सगळं स्वच्छ दिसलं. ती दिव्याकडे नाही, दिव्यामागे उभ्या असलेल्या बापाकडे बघत होती. मग सासूने तिला हाताला धरून गाडीत बसवलं.

गाडी खळ्यावरून बांधावर गेली, बांधावरून रोडपालीच्या वाटेला लागली. वर ऊन रणरणत होतं. त्या उन्हात दिव्याचा उजेड कुणाला दिसणार? पण हिरादादांनी एक पाय स्टँडवर ठेवला होता आणि गाडी जशी पुढे जाईल तसा दिवा हळूहळू वळवत होते. जनरेटरवरचा पोऱ्या ओरडून विचारत होता, बंद करू का, डिझेल जळतंय. मी त्याला हाताने गप्प केलं. गाडी ठिपक्याएवढी झाली, मग दिसेनाशी झाली, तरी दिव्याचं तोंड तिकडेच होतं.