चुंबळ

“तुझं पान तूच उतरवून काढ. अक्षर सुरेख आहे तुझं,” सर म्हणाले. आणि वर्ग हसला.

मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला शूर वगैरे म्हणायला नको.

आमचं अकरावीचं वर्ष; तेव्हा अकरावी म्हणजेच मॅट्रिक. पनवेलच्या शाळेत मॅट्रिकच्या मुलांना निरोप द्यायची एक पद्धत होती. दरवर्षी एक हस्तलिखित निघायचं. प्रत्येकाला त्यात एक पान. वर त्याचं व्यंगचित्र, खाली ‘वीस वर्षांनंतर’ अशा मथळ्याचं गमतीदार भविष्य. निरोपसमारंभाला एकेकाचं नाव पुकारायचे. त्यानं व्यासपीठावर जायचं, सर त्याच्या डोक्यावर रंगीत कागदाचं पागोटं ठेवणार, आणि ते तसंच ठेवून त्यानं आपलं पान आपल्याच तोंडानं वाचायचं. सगळी शाळा हसून लोटपोट. हसणारा मोठ्या मनाचा, फुगणारा कोत्या मनाचा, असा तिथला कायदा.

वर्गात आम्ही चार मुली. तिघी गावातल्या. मी रोडपालीची, मिठागरातल्या मजुरांची. खाजणातल्या, भरतीचं पाणी अडवणाऱ्या बांधावरून चालत यायचे. आमच्या वाडीतून मॅट्रिकला बसणारी मी पहिलीच मुलगी. मला मास्तरीण व्हायचं होतं. ट्रेनिंग कॉलेजात जायचं, दोन वर्षं काढायची, आणि वाडीतल्या शाळेत परत यायचं. मनात दुसरं काही नव्हतं. त्यासाठी शाळेचा दाखला लागतो आणि दाखल्यावर ‘वर्तणूक’ म्हणून एक रकाना असतो, हे सर आम्हाला उठता बसता ऐकवत.

चित्रं आणि मजकूर वसंतचा. तो हस्तलिखिताचा संपादक. त्याच्या वडिलांच्याच मिठागरात माझे आयबाबा राबायचे. बाबा मीठ ओढून काठाला लावायचा, आय ते पाटीत भरून डोक्यावरून राशीपर्यंत न्यायची. वसंत कधीमधी वडिलांबरोबर बांधावर यायचा, वही घेऊन. चित्रकला चांगली होती त्याची. खोटं कशाला बोलू?

तर ते माझं पान. चित्रातली बाई गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली. डोक्यावर मिठाची पाटी, पाटी टोचू नये म्हणून खाली वाटोळी चुंबळ. ती चुंबळ म्हणजे गुंडाळलेला कागद, आणि कागदाच्या सुटलेल्या टोकावर शिक्का. खाली मजकूर: ‘हिने मॅट्रिकचे सर्टिफिकेट वाया घालवले नाही. मिठाची पाटी वाहताना त्याची चुंबळ फार उपयोगी पडते.’

मी ते उतरवून काढलं. काळी शाई, टाक, एकही डाग नाही. काना, मात्रा, वेलांटी जिथल्या तिथं. लिहिताना सर पाठीशी उभे होते. “वा!” म्हणाले. त्या ‘वा’नं मला बरं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

बाकीची पानंही मीच लिहीत होते, म्हणून सगळ्यांची भविष्यं मला पाठ. एक जण डॉक्टर होणार होता, पण सुई बघून रोग्याच्या आधी तोच बेशुद्ध पडणार होता. एक जण वकील. एक मुलगी गाण्याचे जलसे करणार आणि लोक टाळ्या वाजवणार, गाणं एकदाचं संपलं म्हणून. वसंत स्वतः कारखानदार. इतका जाडा होणार, की मोटारीचा दरवाजा तोडून त्याला बाहेर काढावं लागणार. सगळी चेष्टा, पण चेष्टेतसुद्धा सगळे वर चढलेले. एकटी मी जिथली तिथं. लिहिताना हे मला दिसलं नव्हतं काय? दिसलं होतं. शाई वाळायच्या आत पुढचं पान ओढलं, झालं.

शेवटची चार पानं राहिली म्हणून सरांनी हस्तलिखित रविवारी घरी न्यायला दिलं. पडवीत चटई टाकून मी लिहीत बसले होते. दुपारी आय मिठागरातून आली. हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा वास घेऊन बघितले आणि मगच माझ्या शेजारी बसली. आयला लिहितावाचता येत नव्हतं. पण माझं अक्षर बघायला तिला आवडायचं. म्हणायची, “तुजी अक्षरं कशी वळीनं बसल्यात गो, बगळ्यावानी.”

ती पानं उलटत गेली. मी थांबवायला हवं होतं. हात उचललाच नाही.

“आगो, ही मीच हाय!”

तिनं चित्रातल्या पायावर बोट ठेवलं. उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. मिठानं आयचा अंगठा कायम चिरलेला, म्हणून चिंधी कायम बांधलेली. वसंतनं चिंधीसुद्धा सोडली नव्हती. भविष्य माझं, पण अंग आयचं. बांधावर उभं राहून त्यानं माझ्या आयला बघून घेतलं होतं.

आय हरखली. “माजं चित्र शाळंच्या बुकात? शेटच्या पोरानं काडलंय?” मग जरा जवळ धरून बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “पन ही चुंबळ अशी कशी? कागदाची दिसतेय. कागदाची चुंबळ नाय चालत. घामानं भिजल, पाटी सरकल, मान मोडल बाईची. त्याला सांग, फडक्याची काड.”

मी टाक दौतीत ठेवला.

“काय लिवलंय खाली? वाच ना.”

खोटं बोलता आलं असतं. ‘मेहनती बाई’ असं काहीतरी वाचून दाखवलं असतं, तर तिनं ते वाडीभर सांगितलं असतं. तिचा चेहरा बघितला आणि खोटं तोंडातून निघेना. जसं होतं तसं वाचलं. तो कागद कशाचा, तेही सांगितलं.

आयचं बोट अजून चित्रावरच होतं. तिनं ते हळूच काढून घेतलं. वसंतला शिवी दिली नाही. सरांचं नाव काढलं नाही. विचारलं एवढंच:

“ही अक्षरं तुजीच ना?”

“हो.”

“तू का लिवलंस?”

ती उठून चुलीकडं गेली. मला लाज वाटली. आयची नाही, मिठाचीही नाही. माझ्या हाताची लाज वाटली.

सोमवारी सरांना म्हटलं, “माझं पान काढून टाका.” ते म्हणाले, “अगं, चेष्टा आहे. चेष्टेत घ्यावं. बाकीच्यांनी घेतलंच ना?”

समारंभाला सगळी शाळा जमलेली. डॉक्टर हसत वाचून गेला, वकील वाचून गेला. माझं नाव पुकारलं. सरांनी गुलाबी पागोटं पुढं केलं. मी ते हातात घेतलं आणि टेबलावर ठेवलं. तेवढ्यानंच हॉलमधली कुजबुज थांबली.

“डोक्यावर घे,” सर म्हणाले.

मी पान उघडलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं:

“हे अक्षर माझं आहे. मी हे लिहायला नको होतं. लिहिलं ती चूक माझी, म्हणून हे पान मीच फाडते.”

शिवण पक्की होती. पान एका ओढीत निघालं नाही. दोनदा ओढावं लागलं, आणि तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

वसंत जागेवरून म्हणाला, “एवढं काय झालं? गंमत होती.”

“मग पुढच्या पानावर तुझ्या आईला काढ,” मी म्हटलं. “तिच्या डोक्यावर पाटी दे. आपण सगळे हसू.”

तो लालबुंद झाला. कुणी हसलं नाही. मी पान घडी करून घेतलं आणि खाली उतरले.

दाखला न्यायला गेले तेव्हा सरांनी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. आवाज मऊ होता. “माफीच्या चार ओळी लिहून दे. मी वर्तणूक ‘उत्तम’ लिहितो. ट्रेनिंग कॉलेजला जायचंय ना तुला? लिही. अक्षर सुरेख आहे तुझं.”

टाक शाईत बुडवलेलाच होता. कॉलेज मला हवं होतं. मी कागद परत सरकवला.

सरांनी लिहिलं: ‘वर्तणूक: बरी.’

मॅट्रिक पास झाले. कॉलेजनं त्या वर्षी घेतलं नाही. कारण सांगितलं नाही, पण दाखला वाचताना तिथल्या कारकुनाचं बोट त्या रकान्यावर थांबलेलं मी पाहिलं. पुढचा हंगाम मी मिठागरात काढला. वसंतनं लिहिलेलं भविष्य खरं ठरलं म्हणा हवं तर. चुंबळ मात्र आयनं आपल्या जुन्या लुगड्याची करून दिली होती. सर्टिफिकेट घरात पत्र्याच्या पेटीत, कोरडं. एकदा वसंत बांधावर आला. पाटी डोक्यावर घेऊन मी त्याच्या समोरून गेले. त्यानं नजर फिरवली. मी फिरवली नाही.

जूनमध्ये पुन्हा अर्ज केला. या वेळी मुलाखतीला बोलावलं. टेबलापलीकडच्या बाईंनी दाखला वाचून विचारलं, “वर्तणूक नुसती ‘बरी’ का?”

मी झालं ते सगळं सांगितलं.

“आता पश्चात्ताप होतो का?”

“होतो,” मी म्हटलं. “लिहिल्याचा होतो. फाडल्याचा नाही. पुन्हा कुणी असलं लिहायला सांगितलं, तर या वेळी टाकच उचलणार नाही.”

त्यांनी घेतलं की नाही, ते इथं सांगत नाही. नसतं घेतलं, तर आणखी एक हंगाम पाटी वाहिली असती आणि पुढच्या जूनला हेच उत्तर दिलं असतं.