वाळूच्या गाण्याचं शेवटचं कडवं

मी गाणी स्वतःच लिहिते, चाल स्वतःच लावते आणि म्हणतेही स्वतःच. माझ्यामागं ना कंपनी, ना कुणी शेठ. नवरा ढोलकी वाजवतो. रेकॉर्डिंग परभणीतल्या आमच्या मागच्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून. बाहेर भाजीवाला ओरडला की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला सेलूचा एक कॅसेटवाला म्हणाला होता, "गाणं आमच्या नावावर, आवाज तुमचा, जमतंय का?" मी म्हटलं, "न्हाई जमत." तेव्हापासून असंच चाललंय, आणि मला त्याची घमेंड आहे, खोटं कशाला बोलू.

पण यात एक गोम आहे. कंपनीच्या गायिकेला धमकी द्यायची तर आधी कंपनी गाठावी लागते. माझा नंबर तर प्रत्येक गाण्याखाली मीच लिहून ठेवलेला असतो.

मागच्या वर्षी मी वाळूचं गाणं केलं. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गंगेकाठच्या एका गावात दहावीतली मुलगी धुणं धुवायला गेली आणि बुडाली. जिथं तिची आई गुडघाभर पाण्यात उभी राहून धुणं धुवायची, तिथं मशीन लावून वाळू उपसलेली होती. वरून पाणी शांत दिसायचं. शेवटच्या कडव्यात मी एवढंच म्हटलं होतं, की हा खड्डा कुणी खांदला ते गावाला ठाऊक आहे. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं.

गाणं माझ्या यूट्यूब चॅनलवर टाकलं आणि फोन सुरू झाले. काही बाया रडायच्या. काही फोनवर कुणीच बोलायचं नाही, नुसता श्वास ऐकू यायचा आणि मागं इंजिनाची घरघर. नवरा म्हणाला, "काढून टाक ते." मी म्हटलं, "तू ढोलकी वाजव." दोन दिवस आम्ही एका ताटाला बसलो नाही.

आणि त्याच गावातून भीमजयंतीच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं.

उन्हं कलताना आमची जीप गावाकडं वळली. रस्त्याच्या कडेला वाळूचे रिकामे टिप्पर उभे होते. प्रत्येक ड्रायव्हर आधी आमच्याकडं बघायचा आणि मग फोन कानाला लावायचा. नवऱ्यानं ढोलकी मांडीवर घेतली, लेकरासारखी घट्ट धरली.

मंडपाच्या दारात कमिटीच्या म्हाताऱ्या सेक्रेटरींनी जयभीम घातला आणि हळूच म्हणाले, "ताई, बाकी समदं म्हणा. तेवढं वाळूचं नका म्हणू."

"मग मला बोलावलं कशाला? दुसऱ्या गायिका मेल्या होत्या का?"

"पोरीच्या आईनं बोलवा म्हणलं. वर्गणी देताना तिनं दुसरं काईच मागितलं न्हाई." त्यांनी डोळ्यानंच पुढच्या खुर्च्या दाखवल्या. तिथं वाळूचा ठेकेदार त्याच्या माणसांसकट पाय पसरून बसला होता. "आन् मंडप त्यांचा हाय."

पोरीची आई खाली बायकांत बसली होती, तोंडावर पदर धरून. तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती. भीती मलाही वाटत होती. पण तिच्यासमोर ते गाणं गिळून परत गेले असते, तर मग मी कसली गायिका?

वंदना झाली, दोन गाणी झाली आणि मी वाळूचं उचललं. पहिलं कडवं संपतंय तोच पुढच्या खुर्चीतला एक माणूस ठेकेदाराच्या नावानं नोट घेऊन आला. आमच्या कार्यक्रमात बक्षीस आलं की गाणं तिथंच थांबतं. नोट कपाळाला लावायची, देणाऱ्याचं नाव माइकवर घ्यायचं आणि पुन्हा धृपदापासून सुरू करायचं. नाव घेतलं नाही तर भर मंडपात त्याचा अपमान. मी ठेकेदाराचं नाव घेतलं. धृपद म्हटलं. लगेच दुसरी नोट. पुन्हा त्याचंच नाव, पुन्हा धृपद. मग तिसरी. तो चिडलेला नव्हता. मांडीवर ताल धरून हसत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा मला गप्प करत नव्हता. माझ्याच तोंडून त्या आईला स्वतःचं नाव ऐकवत होता, आणि शेवटचं कडवं काही येऊ देत नव्हता. अंधार पडायला लागला, कार्यक्रम आटोपा म्हणून सेक्रेटरी घड्याळ दाखवायला लागले. नवरा ओठ न हलवता म्हणाला, "आवर आता."

आई उठली. बायकांतून वाट काढत स्टेजपाशी आली आणि कनवटीची दहाची नोट तिनं माझ्या हातावर ठेवली.

"कुणाच्या नावानं, बाई?" मी विचारलं.

तिनं लेकीचं नाव सांगितलं.

मी नोट कपाळाला लावली आणि ते नाव माइकवर घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. आई खाली गेली नाही. स्टेजच्या पायरीवरच उभी राहिली. पुढच्या खुर्चीतला माणूस नवी नोट घेऊन आला खरा, पण वर यायचं तर तिला बाजूला सारावं लागणार होतं. तो नोट धरून तिच्यासमोर तसाच उभा राहिला. मी धृपद म्हटलं, मग शेवटचं कडवं म्हटलं, पुरतं म्हटलं. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

सामान भरून निघालो तर गावाबाहेर जायच्या रस्त्यावर एक टिप्पर आडवा लावलेला, इंजिन चालू. आमच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. मागून आई चालत आली, पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "चला, मी येते डांबरी लागंस्तोर."

"बाई, तुमी उतरा," माझा नवरा म्हणाला. "ही माणसं चांगली न्हाईत."

"मला म्हाईत हाय कशी हायत ती," ती म्हणाली. "आता माझं काय न्यायचं राह्यलंय त्यांनी?"

ड्रायव्हरनं गिअर टाकला, आणि आम्ही टिप्परच्या दिशेनं निघालो.